गाणं तेच, ठेका दुसरा: रॉक गाण्याचं डान्स रिमिक्स होतं म्हणजे नक्की काय होतं?

ऑगस्ट १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप नावाच्या बँडने एक गाणं काढलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ते साठाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि तिथून खाली उतरलं. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, तेच गाणं त्याच गायकाच्या आवाजात त्याच यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, तेही 'टायटॅनिक'मधल्या गाण्याला बाजूला सारून. शब्द तेच होते, चालही तीच. फरक इतकाच की मधल्या काळात नॉर्मन कुक नावाच्या माणसाने त्याचं रिमिक्स केलं होतं. हा कुक म्हणजेच फॅटबॉय स्लिम या नावाने गाजलेला डीजे.

गाण्यातली आशा आपल्याच आशा भोसले. बँडचा गायक तजिंदर सिंग ब्रिटनमध्ये वाढलेला पंजाबी मुलगा. हिंदी सिनेमातल्या पार्श्वगायिका, ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी, आकाशवाणी, या सगळ्याबद्दलच्या जिव्हाळ्यातून त्याने हे गाणं लिहिलं. त्यात लताबाई आहेत, रफीसाहेब आहेत, मध्येच सरकारी इशारे आणि धरणंसुद्धा आहेत. आशाबाईंचे वडील मास्टर दीनानाथ फोंडा तालुक्यातल्या मंगेशीचे, म्हणजे ब्रिटनच्या क्लबांमध्ये लोक ज्या नावावर नाचले त्याची मुळं आमच्या कोकण किनाऱ्यावरच निघाली. वेंगुर्ल्यात पणजी आकाशवाणी ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला याचं उगीचच कौतुक वाटतं, ते सोडून देऊ.

सोडून न देण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. साठाव्या क्रमांकाच्या गाण्यात असं काय केलं की ते पहिलं आलं? 'मागे ढोल टाकले' हे उत्तर आमच्याकडचा कुठलाही डीजेवाला देईल, आणि ते अर्धवट आहे.

आमच्याकडे रिमिक्स म्हटलं की हळदीचा मांडव आठवतो. बेसचे डबे, वर टॉप, टेम्पोत जनरेटर आणि पेनड्राइव्हमध्ये 'नाशिक ढोल मिक्स' किंवा 'बेंजो मिक्स' असं नाव दिलेले शेकडो ट्रॅक. कुडाळजवळच्या अशाच एका हळदीत मी तिथल्या पोराला कॉर्नरशॉपचं मूळ गाणं मोबाइलवर ऐकवलं. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "काकानू, गाणा बरा आसा, पण ह्येच्यार नाचतलो कोण?"

संगीतसमीक्षकाने दोन पानं लिहून जे सांगितलं असतं ते एवढ्यात आलं. गाणं चांगलं असणं वेगळं आणि ते नाचायला लागणं वेगळं. रिमिक्स करणारा गाणं सुधारत नसतो. ऐकण्यासाठी केलेल्या गाण्याला तो नाचवण्याचं काम देतो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवा अभंग गात असतो तेव्हा सगळे ऐकत बसलेले असतात. तोच बुवा गजर धरतो, एकच छोटी ओळ, पखवाज आणि झांजा लय चढवत नेतात, कोरस उचलतो आणि मागच्या रांगेतला म्हातारासुद्धा मांडीवर हात मारायला लागतो. गजरात शब्द कमी झाले म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण त्या घडीला शब्दांचं काम संपलेलं असतं.

काम बदललं की एकेक गोष्ट बदलावी लागते. पहिला नंबर लयीचा.

रॉक गाण्यात साधारणपणे चार ठोक्यांचा एक बार असतो. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर पायाने वाजवायचा मोठा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर या छोट्या ड्रमचा कडक फटका. क्लबच्या हाउस संगीतात मोठा ड्रम चारही ठोक्यांवर पडतो, धड धड धड धड. नाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही, पाय कुठे टाकायचा ते ड्रमच सांगतो. कुकची शैली मात्र याहून थोडी वेगळी होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात तेव्हा 'बिग बीट' नावाचा प्रकार जोरात होता. जुन्या रेकॉर्डींवरचे जिवंत ड्रमरचे तुकडे कापायचे, ते गोल फिरवत ठेवायचे आणि आवाज जवळजवळ फाटेपर्यंत चढवायचा. त्यामुळे त्यात यंत्राची शिस्तही असते आणि माणसाच्या हाताचा झोलही. गिटारच्या गाण्याखाली असा ठेका शोभून दिसतो. कुक स्वतः आधी हाउसमार्टिन्स या गिटारवाल्या बँडमध्ये बेस वाजवायचा, तेव्हा कुठल्या गिटारखाली काय बसेल हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

लयीची दुसरी भानगड ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण रिमिक्स करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ खाते. माणूस ड्रम वाजवतो तेव्हा वेग अगदी एकसारखा राहत नाही. धृवपद आलं की हुरूप येऊन तो किंचित पळतो, कडव्यात मागे येतो. ऐकताना हेच गोड लागतं. पण क्लबमधल्या डीजेला एका गाण्यावर दुसरं चढवायचं असतं, दोन्हींचे ठोके एकावर एक बसवायचे असतात. पळणाऱ्या गाण्यावर दुसरं गाणं बसत नाही, दोन घोड्यांची खडखड ऐकू येते. म्हणून रिमिक्स करणारा आधी एका ठाम वेगाची चौकट आखतो आणि गायकाचा आवाज तुकड्यातुकड्याने त्या चौकटीत बसवत जातो. कुठे अर्धा श्वास ओढायचा, कुठे एखादं अक्षर मागे सारायचं. हे काम नीट झालं तर कुणाला कळतही नाही. घाईत केलं तर गायक ठेक्याच्या मागून धावत असल्यासारखा वाटतो, आणि आमच्याकडच्या पेनड्राइव्हमधल्या निम्म्या ट्रॅकचा रोग हाच आहे.

आता वेग आणि सूर. रेकॉर्ड किंवा टेप जोरात फिरवली की दोन्ही एकदम वाढतात. गाणं जलद होतं, आवाज बारीक होतो. हिशेब ठरलेला आहे, वेग जवळपास सहा टक्क्यांनी वाढवला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीवर शेजारच्या पट्टीइतका. चार मिनिटांचं गाणं त्यात साधारण चौदा सेकंदांनी आखूड होतं. डीजेंच्या आवडत्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर वेगाची जी पट्टी असते ती ८ टक्के वर आणि ८ टक्के खाली जाते. सूर फार बिघडू न देता एवढंच ओढता येतं. कुकने 'आशा'चा वेग वाढवला तसा सूरही चढला. मूळ गाण्यातला तजिंदर आरामखुर्चीत बसून आठवणी सांगतो आहे असं वाटतं. रिमिक्समधला तोच माणूस उभा राहून, हात वर करून गातो आहे असं. आवाज तोच, पण अंगात तरतरी आलेली. आज संगणकावर सूर न बदलता वेग बदलता येतो. आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांएवढे बारीक तुकडे करायचे आणि ते जवळ किंवा लांब रचायचे. सोय मोठी आहे. तरी थोडा चढलेला सूर कित्येकदा गाण्याला मदत करतो, आणि सोय आहे म्हणून तो घालवणारे नवे लोक मला जरा भित्रे वाटतात.

यानंतर येते रचना. रेडिओसाठीच्या गाण्याला ऐकणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात पकडावं लागतं, नाहीतर तो स्टेशन बदलतो. क्लबमधला माणूस कुठे जात नाही, त्याने तिकीट काढलेलं असतं. तिथे सुरुवातीला नुसता ठेका लागतो, कारण तेवढ्या वेळात डीजेला आधीचं गाणं उतरवून हे चढवायचं असतं. शेवटीही तसाच मोकळा ठेका. मिनिटाला १२८ ठोके हा हाउसचा नेहमीचा वेग धरला तर ३२ बारांना बरोबर एक मिनिट लागतं. नाचणाऱ्याच्या अंगात हे हिशेब आपोआप भिनलेले असतात. आठ, सोळा, बत्तीस बार झाले की काहीतरी नवं येणार हे त्याला न मोजता कळतं. मग मध्येच बेस आणि ड्रम काढून घेतात, एकटा आवाज किंवा एकटी गिटार उरते, ताण वाढत जातो आणि ठेका पुन्हा कोसळतो. याला 'ड्रॉप' म्हणतात. गंमत त्या कोसळण्यात कमी, त्याआधी ठेका काढून घेण्यात जास्त आहे.

'आशा' या कामाला उपजतच योग्य होतं. गाणंभर तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचे गट, गोल फिरत राहतात आणि धृवपद छोटं, पुन्हा पुन्हा येणारं. ज्या रॉक गाण्यात दर कडव्याला नवी कॉर्ड, मध्येच ताल बदल, शेवटी लांब गिटार असतं, त्याचं रिमिक्स करणारा रडकुंडीला येतो.

बेसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्याकडे सगळा गोंधळ तिथेच होतो. आवाजाची लहर म्हणजे हवेतला दाब-उठाव. सेकंदाला ५० कंपनांचा खर्ज घेतला तर त्याची एक लहर सुमारे सात मीटर लांब असते, एखाद्या छोट्या होडीएवढी. सेकंदाला ५,००० कंपनांच्या टोकदार आवाजाची लहर फक्त सात सेंटिमीटर. लांब लहर भिंत, माड, कौलं यांना जुमानत नाही, वळसा घालून पुढे जाते. आखूड लहर अडते, पानापानांत विखुरते, हवेतही लवकर विरते. म्हणून खाडीपलीकडच्या वाडीत हळद असली की आमच्या खळ्यात शब्द येत नाहीत, झांज येत नाही, नुसती धडधड येते. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली तर आवाज वर निसटण्याऐवजी खाली वाकतो आणि आणखी लांब पोचतो.

रॉकमध्ये आवाजाचा मधला पट्टा गिटारने भरलेला असतो. चरचरीत, फाटलेली गिटार आणि गायकाचा आवाज तिथेच एकमेकांना रेटत असतात. खाली बेस गिटार असते पण ती आधार देते, पुढे येत नाही. क्लबमध्ये खालचा पट्टा राजा. म्हणून रिमिक्स करणारा गिटारचा खालचा भाग कापून टाकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत ड्रम आणि नवा बेस बसवतो. हे दोघेही एकाच जागेसाठी भांडतात. त्यावर तोडगा असा की मोठा ड्रम पडला की त्या क्षणी बाकीचा आवाज यंत्रच किंचित दाबतं आणि लगेच सोडतं. नाचण्याच्या संगीतात सगळं गाणं श्वास घेतंय असं जे वाटतं ते यामुळे. आमच्याकडे हा दाब-सोड कुणी करत नाही, बटण शेवटपर्यंत फिरवलं जातं आणि बेस 'फुटतो'. डबे वाढवून तो सुधारत नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं? जमैकात १९६० च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची आवाज काढलेली आवृत्ती देण्याची पद्धत पडली, आणि किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञाने मिक्सरलाच वाद्य करून टाकलं. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात टॉम मोल्टनने नाचणाऱ्यांसाठी तीन मिनिटांची गाणी लांबवायला घेतली. त्याचा एक किस्सा आवाजाच्या शास्त्राशीच जोडलेला आहे. चाचणीची प्रत कापायला सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर कापली. जागा जास्त मिळाल्यामुळे खाचा लांब-लांब आणि रुंद पाडता आल्या, आवाज चढवता आला, खर्ज भरून वाजला. खर्जाला खाचेत जागा लागते, ती सात इंचांत मिळतच नव्हती. त्यातून पुढे बारा इंची सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठीची मोठी तबकडी, आली आणि क्लबची गाणी कायमची तिच्यावर गेली.

रॉकवाल्यांना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी ढीग करून स्फोटाने उडवल्या, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या दिवशीचा बेसबॉलचा दुसरा सामना रद्द करावा लागला. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी रोलिंग स्टोन्सने 'मिस यू' काढलं होतं आणि त्याची आठ मिनिटांहून लांब बारा इंची डिस्को आवृत्तीही विकली होती. भांडण श्रोत्यांचं, धंदा सगळ्यांचा.

पण रॉक गाणं क्लबसाठी कसं मोडायचं याचं दुसरं टोक बघायचं तर १९९० चं 'लोडेड' ऐका. प्रायमल स्क्रीम या स्कॉटिश बँडचं १९८९ मधलं एक संथ, दुखरं गाणं अँड्र्यू वेदरॉल या डीजेकडे दिलं. त्याने पहिल्यांदा भीतभीत हात लावला, मूळ गाण्याखाली ठेका ठेवला. गिटारवादक अँड्र्यू इनेसने त्याला सरळ सांगितलं की मोडतोड कर. मग वेदरॉलने गायकाचा आवाज जवळजवळ सगळा काढून टाकला. राहिले ते ब्रास म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, पियानो, सरकती गिटार. सुरुवातीला १९६६ च्या 'द वाइल्ड एंजल्स' चित्रपटातला एक संवाद आणि खाली एक उचललेला ड्रमचा तुकडा. मूळ गाणं ज्याने ऐकलं नाही त्याला दोघांचं नातं सांगूनही खरं वाटत नाही. ब्रिटनच्या यादीत ते सोळाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

कुकने गायक ठेवला, वेदरॉलने हाकलला. माझं स्वतःचं मत वेदरॉलच्या बाजूने झुकतं. 'आशा'चं रिमिक्स मजेदार आहे, पण त्याच्या धुमाकुळात धरणांची ओळ कुणाच्या कानावरही पडत नाही. बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी १९९७ सालचं सर्वोत्तम गाणं म्हणून मूळ 'आशा'लाच पहिलं निवडलं होतं, रिमिक्स गाजण्याच्या आधी. म्हणजे ऐकणाऱ्यांना ते तसंही आवडलेलं होतं. रिमिक्सने त्याला नवे लोक मिळवून दिले. ते गाणं काय म्हणतं ते मात्र त्यातल्या फार कमी लोकांना माहीत असेल.

तिसरा रस्ता आमच्या दारातच आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. १९८० च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर, ज्याला पर्यटक अंजुना म्हणतात, रात्र-रात्र वाजवणारे परदेशी डीजे युरोपातली इलेक्ट्रॉनिक गाणी आणायचे आणि त्यातला गाण्याचा भाग कापून नुसते वाद्यांचे तुकडे कॅसेटवर एकापुढे एक जोडायचे. आवाज आला की माणूस शब्दांत अडकतो, आणि त्यांना सूर्य उगवेपर्यंत कुणी अडकायला नको होतं. रेकॉर्डींऐवजी कॅसेट आणि पुढे डॅट ही डिजिटल टेप वापरण्यामागे हवामान होतं. रेकॉर्डीचं विनाइल उन्हात वाकतं आणि वाळूचा एक कण खाचेत गेला की संपलं. त्या जोडकामातून १९९० च्या दशकात गोवा ट्रान्स नावाचा अख्खा प्रकार जन्मला.

आता परवानगी. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक, शब्द आणि चाल. दुसरी, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण घेऊन त्यावर ठेका चढवायचा तर दोन्हींच्या मालकांची परवानगी लागते. स्वतः गाऊन नवं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर भारतात वेगळा नियम आहे. पूर्वी मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की सूचना देऊन आणि स्वामित्वधन भरून ते करता यायचं. २००० च्या सुमारास जुन्या हिंदी गाण्यांच्या रिमिक्सचा जो पूर आला त्याला या तरतुदीचा मोठा हात होता. २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षं झाली. मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत किंवा चालीत गरजेपलीकडे बदल करता येत नाही. लताबाईंनी रिमिक्सवर उघड नाराजी व्यक्त केली होती. आशाबाईंनी मात्र १९९० च्या दशकात पंचमच्या गाण्यांचा रिमिक्स अल्बम स्वतःच केला. एकाच घरातली ही दोन मतं मला दोन्ही पटतात.

हळदीच्या मांडवात गाणं वाजवायला लग्नसोहळ्याची सूट कायद्यातच आहे, तो गुन्हा नव्हे. पण कुडाळच्या त्या पोराने मिक्स करून ते यूट्यूबवर टाकलं की ती सूट संपते. मूळ ध्वनिमुद्रण ओळखणारी यंत्रणा तिथे बसलेलीच असते, आणि मग व्हिडिओ जातो किंवा कमाई मालकाकडे वळते. पूर्वी गायकाचा सुटा आवाज मिळवायला कंपनीकडून मूळ टेप मागावी लागायची, म्हणजे परवानगीचा विषय आपोआपच निघायचा. २०१९ मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं आणि तयार गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे काढणं घरच्या संगणकावर आलं. आता टेप मागायला कुणाकडे जावं लागत नाही, त्यामुळे परवानगीचा विषय निघतच नाही.

दोन्ही 'आशा' ऐकणार असाल तर आधी मूळ ऐका आणि हेडफोन लावून ऐका, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा पट्टा येतच नाही आणि अर्धा फरक तिथेच आहे. क्रम उलटा करू नका. कान एकदा वाढलेल्या वेगाला सरावले की मूळ गाणं बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर लावल्यासारखं वाटतं.